फासाचा वाटा नको

(सामुदायिक रेडिओवर अश्विन महिन्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही सिंधुदुर्गातल्या, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीवरच्या बचत गटाच्या बाया. आम्ही चौदा जणी आहोत. आज इथे बोलायला तिघी आलोय, पण बोलणं चौदा जणींचं आहे. हे बोलायचं की नाही यावर गटात दोन बैठका झाल्या. कारण विषय घरातला आहे. आमच्या नवऱ्यांचा, दिरांचा, मुलांचा आहे, आणि आमच्या चुलीचाही आहे. शेवटी ठरलं, की नावं कुणाची घ्यायची नाहीत, पण झालं ते सांगायचं.

सध्या अश्विन चालू आहे. पाऊस मागे सरलाय, दुपारी ऊन डोळ्यांवर येतं, पहाटे दव पडतं. आमच्याकडे हळवं भात पिवळं झालंय, गरवं अजून दुधात आहे. दसऱ्याला दारावर नवं बांधून झालं. आंब्याच्या टाळ्यात भाताची लोंबी गुंफून बांधली, की नवीन दाणा घरात आला असं आम्ही मानतो. पुढे कोजागरी, मग दिवाळी. नरकचतुर्दशीला कारीट फोडायचं, नव्या भाताचे पोहे कांडून गोडे पोहे, तिखट पोहे करायचे. त्यानंतर तुळशीचं लग्न, आणि मग गावोगावच्या जत्रा. वर्षातले हे दोन महिने आम्हाला दम घ्यायला वेळ नसतो. कापणी, झोडणी, वाळवण, गवत, सण, पाहुणे, सगळं एकदमच येतं.

आणि याच दोन महिन्यांत रानही खाली उतरतं.

भाद्रपदात मोरांचे पिसारे गळतात, तेव्हा गुरांमागे गेलेली मुलं काखेत पिसं घेऊन येतात. धोबी पक्षी शेपूट हलवत व्हाळाच्या दगडांवर दिसायला लागले, की थंडीचे पाहुणे येऊ लागले असं समजायचं. विजेच्या तारांवर पाकोळ्यांच्या रांगा बसतात. पोपटांचे थवे लोंब्या कातरून नेतात. रात्री वरच्या रानात भेकर भुंकतं, म्हणजे त्याला बिबट्याची चाहूल लागलेली असते. साळिंदर परसातला सुरण उकरून जातं. गवे घाटउताराने खाली येतात. गवा नुसता चालत गेला, तरी कुणगा आडवा होतो. आमच्या पलीकडच्या दोडामार्ग तालुक्यात तर २००२ सालापासून हत्ती येतात. त्या भागातल्या बायांनी केळीच्या आणि माडाच्या बागांचं काय झालं ते सांगितलं, की आपली डुकरं बरी असं वाटतं.

पण डुकरं बरी नाहीत. भात दुधात असताना रानडुकरांचा कळप एका रात्री शेतात शिरला, तर सकाळी फक्त चिखल राहतो. खातात थोडं, लोळतात फार. वर्षभराचं पोट त्या कुणग्यात असतं. हे शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही.

म्हणून आमच्या वाडीत शिकारीची मंडळी होती. किती पिढ्यांपासून, ते कुणाला सांगता येत नाही. दोन-तीन घरांत ठासणीच्या बंदुका होत्या, शेती राखायच्या परवान्यावरच्या. दसऱ्याला त्या पुसूनपासून, झेंडू वाहून पुजायच्या. मग ठरलेल्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घालायचं आणि मंडळी निघायची. पोरंसोरं आणि हाकारे घालणारे एका अंगाने रान उठवत येणार, बंदूकवाले दुसऱ्या अंगाला दबा धरून बसणार. बार वाजला की आम्ही बाया घरात मोजायचो. एक बार, दोन बार. मग गप्प. मग लांबून आरोळी ऐकू आली, की सासूबाई मसाला वाटायला काढायच्या.

शिकार देवळाजवळच्या मांगरात यायची आणि तिथे वाटे पडायचे. ज्याच्या बंदुकीने पडलं त्याला मान जास्त. हाकाऱ्यांना प्रत्येकी एक. कुत्रा जखमी झाला तर कुत्र्याच्या धन्याला वेगळा. आणि मैत्रिणींनो, एक वाटा असायचा ज्या घरात पुरुष माणूस नाही त्या घराला. आमच्या गटातल्या एक काकी एकविसाव्या वर्षी विधवा झाल्या. त्या सांगतात, "वर्षभर कुणी विचारायचं नाही, पण शिकारीच्या दिवशी पानात गुंडाळलेला वाटा दारात यायचा. त्या दिवशी वाटायचं, वाडीने आपल्याला मोजलं." हे आम्ही मुद्दाम सांगतोय. शिकार म्हणजे नुसतं मटण नव्हतं. आपण कोणाचे कोण, ते त्या वाट्यात दिसायचं. तेव्हा जे आम्ही पुढे सांगणार आहोत, ते शिकारी म्हणजे वाईट माणसं असं सांगण्यासाठी नाही.

काळ बदलला. वन्यजीवांचा कायदा १९७२ सालीच झाला होता. आमच्याकडे तो कळायला उशीर झाला. जुने बंदूकवाले म्हातारे झाले, मुलगे मुंबईला गेले. हाकारा घालायला वीस माणसं लागतात, वाडीत दिवसा वीस माणसंच नसतात. बंदुकीचा आवाज लांब जातो, लगेच चौकशी येते. मग हळूहळू बंदुकीच्या जागी तार आली.

ती तार तुम्ही पाहिली असेल. मोटारसायकलीची जुनी क्लच वायर किंवा ब्रेकची वायर. गॅरेजच्या कचऱ्यात मिळते. तिचं एक टोक झाडाला किंवा खुंटाला बांधायचं, दुसऱ्या टोकाचा सरकता फास करायचा आणि जनावराच्या वाटेवर, वईच्या भगदाडात गुडघ्याएवढ्या उंचीवर लावून ठेवायचा. आमच्याकडे त्याला फासकी म्हणतात. लावणारा घरी जाऊन झोपतो. राखण नको, हाकारा नको, आवाज नाही. सकाळी जाऊन बघायचं.

बंदूकवाला निदान समोर काय आहे ते बघून बार काढायचा. पिल्लांची डुकरीण असेल तर आबांच्या वेळचे लोक सोडून द्यायचे. तार काही बघत नाही. डुक्कर येऊ दे, भेकर येऊ दे, शेजारणीचं वासरू येऊ दे, तिला सगळं सारखंच.

आम्हाला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. घरातली जुनी वायर कुठे गेली हे बाईला कळतं. पहाटे चारला उठून माणूस "बाहेर जाऊन येतो" म्हणतो आणि चिखलाचे पाय घेऊन येतो, तेही कळतं. आणि अधूनमधून पिशवीतून मटण यायचं, ते आम्हीच शिजवायचो. फरक एवढाच झाला होता, की आता वाटे पडत नव्हते. चोरून आणायचं, चोरून खायचं, वास जाऊ नये म्हणून खिडकी लावून घ्यायची. त्या काकींच्या दारात पान येणं कधीच बंद झालं होतं. तरी आम्ही बोललो नाही. एक तर भात वाचत होतं, दुसरं म्हणजे ताटात पडत होतं.

मग तीन वर्षांपूर्वीचा कार्तिक आला. दिवाळी झाली होती, तुळशीचं लग्न व्हायचं होतं. आमच्यातल्या दोघी सकाळी गवत कापायला वरकसात गेल्या होत्या. ऊन अजून खाली उतरलं नव्हतं. गडग्याच्या पलीकडून घोरल्यासारखा आवाज आला. पहिलीला वाटलं, कुणाची म्हैस अडकली. तिने गडग्यावरून वाकून बघितलं आणि तिथूनच ओरडली, "अगो, वाघ अडाकलो हा!"

आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. ती मादी होती. फास कमरेला बसला होता. तिने रात्रभर ओढलं असणार, कारण भोवतीचं गवत गोल मळलेलं होतं, झाडाची साल निघाली होती. दोघी मागे सरल्या. विळे तिथेच राहिले, हे त्यांना घरी आल्यावर कळलं.

पुढे काय झालं ते ऐका, कारण इथे आपण सगळेच चुकतो. अर्ध्या तासात पन्नास माणसं जमली. मोबाईल वर करून पोरं गडग्यावर चढली. कुत्री भुंकायला लागली. माणसं बघून ती जिवाच्या आकांताने उसळी मारायची, आणि प्रत्येक उसळीला तार आत जायची. वन विभागाची माणसं आली, त्यांनी आधी गर्दी हटवली, मग डॉक्टर येऊन भुलीचं इंजेक्शन दिलं, तार कापली, पिंजऱ्यात घालून नेलं. आम्हाला वाटलं, वाचली. दोन दिवसांनी निरोप आला, की गेली. वरून जखम फार दिसत नव्हती, पण तारेने आतलं सगळं दाबलं गेलं होतं. आणि तिला दूध होतं. म्हणजे जवळपास कुठेतरी पिल्लं होती. वन विभागाच्या माणसांनी आणि आमच्यातल्या पुरुषांनी चार दिवस शोधली. सापडली नाहीत.

त्या चार दिवसांत वाडीत पंचनामा, जबाब, गाड्या. तार कुणाची? कुणालाच माहीत नाही. प्रत्येक घर तेच सांगत होतं. आम्हीही तेच सांगितलं. आमच्यातल्या काही जणींना माहीत होतं, आणि तरी तेच सांगितलं. ही गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त लागली. मेलेल्या जनावरापेक्षा जास्त लागली, असं म्हटलं तर खोटं नाही.

त्या महिन्याची गटाची बैठक हप्ते गोळा करायला होती. वहीच उघडली नाही. कुणीतरी म्हणालं, कुणाची तार ते शोधून काढू. तेव्हा त्या काकी बोलल्या, ज्यांना पूर्वी वाटा यायचा. म्हणाल्या, "तार कोणाची ता मगे बघूया. मटाण कोणी खाल्ल्यानी, ता आधी सांगा." सगळ्या गप्प. मग एकीने हात वर केला, मग दुसरीने. शेवटी अकरा हात वर होते.

त्या दिवशी आम्ही एकच गोष्ट ठरवली. फासाचा वाटा आमच्या चुलीवर शिजणार नाही. कुणाच्या विरुद्ध तक्रार नाही, मोर्चा नाही. पण पिशवीतून आलं, तर पातेलं चढणार नाही. ज्याला शिजवायचं त्याने स्वतः शिजवावं. हे बोलायला सोपं आहे. एकीच्या घरी आठ दिवस अबोला होता. एकीला सासऱ्यांनी विचारलं, "तुला भात मात्र हवं, होय ना?"

सासऱ्यांचा प्रश्न खरा होता. फास नको, मग डुकरांचं काय? याला उत्तर दिल्याशिवाय आमचं ठरवणं म्हणजे नुसतंच तोंड वर करणं झालं असतं. म्हणून आम्ही वाडीची बैठक देवळाच्या सभामंडपात लावली आणि पुरुषांना सांगितलं, की तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळून शोधू.

पहिलं ठरलं राखणीचं. पूर्वी शेताशेतात राखणीचा माळा असायचा, तो परत बांधायचा. प्रत्येकाने वेगळा नाही, सगळ्या मळ्याला मिळून तीन माळे. पोटरी धरल्यापासून कापणीपर्यंत पाळ्या. माणूस मुंबईला असेल त्या घराने मजुरी द्यायची किंवा बाईने संध्याकाळची पाळी घ्यायची. डबे वाजवायचे, विजेऱ्या मारायच्या, शेकोटी ठेवायची. शेजारचा मळा आणि आपला मळा एकाच वेळी आवाज करायचा, नाहीतर इकडची डुकरं तिकडे जातात आणि भांडण आपल्याकडे येतं.

दुसरं ठरलं नुकसानभरपाईचं. आम्हाला वाटायचं, काही मिळत नाही. मिळतं, पण मागावं लागतं आणि वेळेत मागावं लागतं. रानडुक्कर, गवा, हत्ती अशा जनावरांनी पिकाचं नुकसान केलं तर तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज द्यायचा. आपण काय करतो? आधी दोन दिवस रडतो, मग कापणी उरकतो, मग अर्जाचं बघतो. तोवर मुदत गेलेली असते आणि पंचनामा करायला शेतात काही उरलेलं नसतं. म्हणून गटातल्या दोन मुली, ज्या बारावी झाल्यात, त्यांच्याकडे हे काम दिलं. सकाळी नुकसान दिसलं, की हात न लावता त्यांना बोलवायचं. त्या फोटो काढतात, सातबारा आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स आधीच फाइलीत लावून ठेवलेली असते, अर्ज त्याच दिवशी जातो आणि पोच घेतली जाते. गाय, म्हैस, शेळी बिबट्याने मारली तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत कळवायचं, आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. आणखी एक. डुकरांचा त्रास फारच झाला, तर वनाधिकाऱ्याकडे रीतसर अर्ज करून परवानगी मागायची वाट कायद्यात आहे. ती लांबची वाट आहे, पण ती उजेडातली वाट आहे.

तिसरं ठरलं, ते सगळ्यात अवघड होतं. रानातल्या तारा काढायच्या. पण त्या कुठे आहेत ते आम्हाला कसं कळणार? तेव्हा जुन्या शिकारीतले एक आबा उठले. पंच्याहत्तरीचे आहेत. म्हणाले, "मी दाखवतो. जनावराची वाट मला कळते." त्यांच्याबरोबर आणखी दोघं तयार झाले. आमच्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो. कारण त्या दोघांतल्या एकाबद्दल आम्हाला माहीत होतं, आणि त्यालाही माहीत होतं की आम्हाला माहीत आहे.

तेव्हापासून दर अश्विनात, कोजागरीच्या आधी, गवत कापणी सुरू होण्यापूर्वी आम्ही रान बघायला जातो. वनरक्षकांना आधी सांगतो, ते बरोबर येतात. आबा पुढे असतात. ते आम्हाला शिकवतात. ही गव्याची वाट, रुंद. ही डुकराची, खालून चिखल घासलेला. इथे झाडाला डुकराने अंग घासलंय. ही बिबट्याची पावलं, नखं उमटत नाहीत. कुत्र्याची नखं उमटतात, हे ध्यानात ठेवा. वईला जिथे भगदाड आहे, तिथे आधी काठीने चाचपून बघायचं. फांदी उगीच वाकलेली दिसली, दोन्ही बाजूंना काटेरी झावळं टाकून मधली वाट मुद्दाम मोकळी ठेवलेली दिसली, की समजायचं. पहिल्या वर्षी अकरा तारा निघाल्या. दुसऱ्या वर्षी चार.

आता तुम्ही म्हणाल, बिबट्या वाचवून आपला काय फायदा? तो कुत्री नेतो, शेळ्या नेतो, संध्याकाळी पोरांना बाहेर सोडायची भीती वाटते. भीती आम्हालाही वाटते. संध्याकाळनंतर आम्ही एकट्या व्हाळावर जात नाही, मुलांना हातात विजेरी दिल्याशिवाय पाठवत नाही, शेळ्यांच्या गोठ्याला वरून जाळी लावली आहे. पण आबांनी एक गोष्ट सांगितली ती आमच्या मनात बसली. बिबट्या डुकराची पिल्लं खातो. डुकरीण एका वेताला चार-सहा पिल्लं घालते. ती सगळी वाढली, तर कुठला माळा आणि कुठली राखण पुरणार? म्हणजे आपण डुकरासाठी तार लावतो आणि डुकरांवरचा राखणदारच मारतो.

वर घाटात, अकोले तालुक्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्यांवर अश्विन वद्य द्वादशीला वाघबारस करतात. आपण त्या दिवशी वसुबारस करतो, गाय-वासराची पूजा करतो. ते त्याच दिवशी वाघोबाच्या देवळात जमतात, नैवेद्य दाखवतात आणि आमची गुरं सांभाळ असं मागणं मागतात. ज्याची भीती, त्यालाच हात जोडायचे. आम्हाला हे ऐकून नवल वाटलं, आणि मग वाटलं, की त्यात शहाणपण आहे. त्याचं रान त्याला, आपलं आवार आपल्याला.

कायद्याचंही सांगतो, कारण घरच्यांना ते सांगावं लागतं. फास लावणं म्हणजे कायद्याने शिकारच. जनावर अडकलं नाही तरी तो शिकारीचा प्रयत्न धरतात. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर दंड कमीत कमी पंचवीस हजार रुपये आहे. "मी डुकरासाठी लावली होती" हे तिथे चालत नाही. काही ठिकाणी तारेत वीज सोडतात. त्याने तर माणसं मेलीत, गवताला गेलेल्या बाया मेल्यात. तुमच्या गावात कुणी असं करत असेल, तर त्याला आजच अडवा. उद्याची वाट बघू नका.

आणि कधी तारेत अडकलेलं जनावर दिसलं, तर आम्ही केलेली चूक करू नका. ओरडू नका, जवळ जाऊ नका, स्वतः सोडवायला जाऊ नका. मागे सरा आणि वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. वाडीत आरोळी देऊन गर्दी जमवू नका. दोन शहाणी माणसं वाटेवर उभी करा, कुत्री बांधायला सांगा, पोरांचे मोबाईल खाली करा. जनावर जितकं शांत, तितकी तार कमी रुतते. रिकामी तार दिसली, तर जागा लक्षात ठेवा, फोटो काढा आणि वनरक्षकांना दाखवा.

आता वाट्याची गोष्ट. वाटे बंद झाले ते आम्हाला डाचत होतं. म्हणून दोन वर्षं झाली, आम्ही असं करतो. शेवटचा कुणगा कापून झाला, राखण संपली, की तुळशीच्या लग्नाच्या आत एका रविवारी देवळाजवळच्या त्याच मांगरात सगळ्या वाडीचं जेवण करतो. घरटी वर्गणी, गावठी कोंबडे, वडे, सोलकढी. जे खात नाहीत त्यांना काळ्या वाटाण्याची उसळ. आणि जेवायच्या आधी वाटे पडतात, जुन्या पद्धतीने. पहिला मान राखणीला सगळ्यात जास्त रात्री बसला त्याला. मग राखणदारांना, मग अर्ज लिहिणाऱ्या मुलींना. आणि एक पान बांधून जातं ज्या घरात पुरुष माणूस नाही त्या घरांना. काकी आता जेवायला स्वतः येतात, तरी त्यांचं पान घरी जातंच. त्या म्हणतात, "असू दे, पानाची सवय आहे."

सगळं छान झालं असं आम्ही सांगणार नाही. डुकरं येतातच. गेल्या वर्षी दोन घरांचं अर्धं भात गेलं. भरपाई आली, पण उशिरा आली आणि झालेल्या नुकसानीला पुरली नाही. राखणीच्या पाळीवरून भांडणं होतात. मुंबईहून सुट्टीत आलेली मुलं म्हणतात, "आई, पूर्वी कसं मटण असायचं." तारेने वाचलेलं भात आणि राखणीने वाचलेलं भात यांत कष्टाचा फरक आहे, आणि तो कष्ट पुष्कळदा बाईच्याच वाट्याला येतो. हेही बैठकीत मांडून झालं. यंदापासून रात्रीच्या पाळ्या पुरुषांच्याच, असं लिहून घेतलंय.

आणि गेल्या आठवड्यात आम्ही रान बघायला गेलो, तेव्हा एक तार निघाली. एकच. नवी होती, गंज चढलेला नव्हता. आबांनी ती बोटांनी चाचपून वनरक्षकांच्या हातात दिली आणि आमच्याकडे बघितलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. परत येताना कुणी बोललं नाही. घरी आल्यावर प्रत्येकीने आपापल्या घरात विचारलं. थेट विचारलं, खिडकी न लावता.

उत्तर अजून मिळालेलं नाही. पण तीन वर्षांपूर्वी आम्ही विचारलंच नव्हतं.

म्हणून गटाने ठरवलं, की हे रेडिओवर सांगू या. आमच्या वाडीतही कुणीतरी ऐकत असेल. ज्याने ती लावली त्याने ऐकलं असेल, तर त्याला एवढंच सांगणं आहे. तुझं नाव आम्हाला नको. रविवारच्या जेवणाला ये, तुझा वाटा मोजलेला आहे. राखणीची पाळी मात्र घे.

मैत्रिणींनो, तुमच्या वाडीवर, तुमच्या पाड्यावर हे दिवस कसे जातात? डुकरांचं तुम्ही काय करता? भरपाईचा अर्ज कुणी भरलाय का, किती दिवसांत पैसे आले? आम्हाला कळवा. एखादीची युक्ती आमच्या उपयोगी पडेल. आणि उद्या गवताला जाल, तेव्हा वईच्या भगदाडात काठी घालून बघा. हात नको, काठी.

नमस्कार.